साहेबांच्या लाइनीतले टोमॅटो

पिपलानी, भोपाळ
९ जुलै १९८१

सिंधू,

आधी चहा टाक, मग बसून वाच. तुझ्या दादाला प्रमोशन मिळालं! बारा वर्षं सुपरवायझर होते, आता कारखान्यातले साहेब झाले. पेढे मी न्यू मार्केटातून नाही आणले, बरखेड्याच्या हलवायाकडून आणले. किलोमागे दोन रुपये कमी, आणि शेजारणींना काही कळलं नाही.

आता दुसरी बातमी. साहेबांच्या लाइनीत तीन खोल्यांचं क्वार्टर मिळतंय. पुढे बागेला जागा, मागे पेरूचं झाड. आणि मी 'नाही' म्हटलंय.

डोळे वटारू नकोस. तुम्हां नागपूरवाल्यांना आमच्या टाउनशिपची रीत माहीत नाही. इथे ठेलेवाला माणूस बघून भाव सांगत नाही, क्वार्टर बघून सांगतो. आमचा मुन्ने मियाँ रोज सकाळी आनंद नगरकडून भाजीचा ठेला घेऊन येतो. आमच्या दोन खोल्यांच्या लाइनीत टोमॅटो दीड रुपया किलो. पाण्याची टाकी ओलांडून साहेबांच्या लाइनीत शिरला, की तेच टोमॅटो अडीच रुपये! टाकीपाशी टोमॅटोंनाही प्रमोशन मिळतं की काय, देव जाणे. आणि तिथल्या बायका भावसुद्धा विचारत नाहीत. फाटकातून हात वर करून "दो किलो डाल दो" म्हणतात. भाव करणं म्हणजे म्हणे कमीपणा.

अगं, बारा वर्षं घालून मी हे राज्य उभं केलंय. मी "रहने दो" म्हणून पाठ फिरवली, की मुन्ने मियाँ तिसऱ्या पावलाला हाक मारतो. बायका मला पुढे घालून हाटाला जातात. ते सगळं सोडून मी तिथे मुकाट्याने अडीच रुपये मोजू? तुझे दादा म्हणतात, "पगार वाढलाय तो कशासाठी?" मी म्हटलं, मुन्ने मियाँसाठी नक्कीच नाही.

एकतीस तारखेपर्यंत होकार दिला नाही, तर क्वार्टर यादीतल्या पुढच्याला जाईल. जाऊ दे. दादा दोन दिवस फुगून बसलेत, तुला पत्र लिहितील, त्यांची बाजू घेऊ नकोस.

तुझ्याकडे नानांचा खोकला कसा आहे? सुनेने विचारलंय म्हणून सांग.

तुझी
मालती वहिनी


नागपूर
१६ जुलै १९८१

वहिनी,

दादाचं ऐकून ऊर भरून आला. देवापुढे साखर ठेवली, पेढे उधार.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणतात, टाकीच्या अलीकडे जाऊन टोमॅटो घेता येणार नाहीत का? मी म्हटलं, वहिनीला सुचलं नसेल असं काही तुम्हाला सुचायचं नाही.

इकडे माझ्या दिराचं, सुभाषचं, लग्न ठरलं. मार्गशीर्षात आहे. मुलगी छान आहे. आता दोन खोल्यांत नवं जोडपं कुठे ठेवायचं, त्याचा विचार चाललाय. पडवीला तट्ट्या लावून तिसरी खोली करू म्हणतात.

नाना बरे आहेत. पडवीतच झोपतात. पाऊस तिरका आला की बाज भिंतीकडे ओढून घेतात. खोकला आहे, पण ते म्हणतात, "जुनाच आहे, ओळखीचा आहे." परवा बघितलं तर त्यांनी आपली ट्रंक भरून ठेवलीय. "कशाला भरलीत?" म्हटलं, तर म्हणाले, "असावी."

मी काही म्हणत नाही हं. तुमचा संसार, तुमचं घर. पेरूचं झाड आहे म्हणतेस, ते मात्र छान.

तुझी
सिंधू


पिपलानी
२२ जुलै १९८१

वन्सं,

'मी काही म्हणत नाही' असं लिहून पानभर म्हणालात की! "वहिनी, नानांना घेऊन जा" एवढे चार शब्द लिहायला हात दुखत होता? मी काय परकी आहे? लेक ना तू त्यांची, आणि मी सून. की मी टोमॅटोंपुढे सासऱ्यांना विसरेन असं वाटलं तुला?

आणि खरं सांगू? विसरलेच होते. त्याचीच लाज वाटतेय, म्हणून तुझ्यावर ओरडतेय. ट्रंकेचं वाचलं आणि ताट तसंच ठेवून उठले.

काल ह्यांना म्हटलं, करा सही. इतके खूश झाले, की संध्याकाळी अर्धा किलो बर्फी घेऊन आले. भाव न विचारता! घ्या, सुरुवात झाली.

टाकीच्या अलीकडे जाऊन घेण्याचं म्हणशील, तर ते जमत नाही. मुन्ने मियाँ चेहरा विसरेल, पण फाटक विसरणार नाही.

नानांना खुशाल पाठव. एकच अट आहे. त्यांनी बाजारहाट करायचा नाही. माझ्या लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवतोय? संत्रीवाल्याने डझनाला तीन रुपये सांगितले, मी घसा कोरडा करून दोनवर आणला, आणि नानांनी माझ्यादेखत त्याच्या हातावर तीन ठेवले. वर म्हणाले, "लांबून आलाय बिचारा." अमरावतीच्या सहकारी कापड भांडारात तीस वर्षं 'एकच भाव' अशा पाटीखाली बसलेला माणूस तो. माझ्या नव्या लाइनीत मोकळा सुटला, तर अडीचचे साडेतीन व्हायला वेळ लागणार नाही.

आमच्या दोन खोल्यांत जागा नव्हती, आता मागची खोली त्यांची. पेरू तिच्या खिडकीतूनच दिसतो.

मालती वहिनी


साहेबांची लाइन, पिपलानी, भोपाळ
६ सप्टेंबर १९८१

चि. सिंधू,

तुझ्या नानांचा तुला आशीर्वाद. मी इथे सुखात आहे. खोली कोरडी आहे. बाज एका जागी राहते. खोकला भोपाळला यायला तयार नव्हता असं दिसतं, नागपुरातच राहिला. नात रजनी मला हिंदी शिकवते आणि माझ्या हिंदीला हसते.

एक गोष्ट मात्र मनाला लागली आहे. सूनबाई गप्प झाली आहे. या लाइनीत तिला कोणी भाव कमी करून देत नाही. पहिल्या आठवड्यात तिने त्या भाजीवाल्याशी अर्धा तास झुंज दिली. तो हात जोडून म्हणाला, "बाईजी, अब तो आप साब लोग हो." ती रिकामी पिशवी घेऊन घरात आली. तीन दिवस आम्ही वरण-भातच खाल्ला. जुन्या शेजारणी आता तिला हाटाला बोलवायला येत नाहीत, तिला साहेबीण समजतात. या लाइनीतल्या बायका हाटाला जातच नाहीत.

सिंधू, हे सगळं माझ्या एका बाजेपायी झालं. मी आलो नसतो, तर ती आपल्या जुन्या लाइनीत राणीसारखी राहिली असती. तोंडाने एक शब्द बोलत नाही. पण सकाळी ठेल्याची हाक आली, की पूर्वी म्हणे ती चहा तसाच सोडून धावायची, आता जागची हलत नाही.

म्हणून मी एक उपाय केला आहे. तुला म्हणून सांगतो, कुठे बोलू नकोस. मी पहाटे फिरायला जातो. पाण्याच्या टाकीपाशी मुन्ने मियाँ भाजीवर पाणी मारत उभा असतो. सज्जन माणूस आहे. त्याला म्हटलं, माझ्या सुनेला जुन्या लाइनीचाच भाव दे, वरचा फरक मी दर सोमवारी आगाऊ देत जाईन. मात्र लगेच कमी करू नको, तिला चांगलं झुंजू दे. तो आधी नको म्हणाला, मग हसला. म्हणाला, "बाबूजी, ऐसा सौदा तो हमने आज तक नईं किया."

आयुष्यात मी भाव केला नाही. हा पहिलाच.

तुझे
नाना


पिपलानी
१० ऑक्टोबर १९८१

सिंधू, जिंकले गं, जिंकले!

साहेबांची लाइन सर केली तुझ्या वहिनीने! टोमॅटो दीड रुपया! भेंडी, दोडकी, फ्लॉवर, सगळं जुन्या भावात! मुन्ने मियाँ आधी नाटकं करतो, कपाळावर हात मारतो, "मर जाएँगे बाईजी" म्हणतो. मी पाठ फिरवते. पूर्वी तिसऱ्या पावलाला हाक यायची, आता पहिल्याच पावलाला येते. धाक बसला म्हणतात तो हाच.

शेजारच्या मनोरमाबाई, त्यांचे यजमान मॅनेजर आहेत, त्या अडीचनेच घेतात. काल फाटकाआडून बघत होत्या. मग मलाच विचारलं, "तुम्ही कसं काय जमवता हो?" मी म्हटलं, "अनुभव!" अगं, महिन्याभरानंतर त्या दिवशी मी स्वयंपाक करताना गाणं म्हटलं.

नानांची तब्येत उत्तम. भरली वांगी दोनदा मागून घेतली. मी रोज त्यांना भाजीचा भाव सांगते आणि ते "वा, वा!" म्हणतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना माझ्या कलेची कदर कळली बघ. एकच खटकतं. चष्म्याची एक काडी तुटलीय, दोरा बांधून कानाला अडकवतात. तू नव्या चष्म्यासाठी साठ रुपये पाठवले होतेस ना? विचारलं तर म्हणतात, "घेऊ, घाई काय आहे."

दिवाळीचा फराळ ह्यांच्या ऑफिसातल्या एकाबरोबर पाठवते. चिवड्यातले शेंगदाणे कमी भावाचे आहेत, पण तू ओळखून दाखव.

मालती वहिनी


नागपूर
१८ ऑक्टोबर १९८१

ती. नाना,

नमस्कार. हे पत्र वहिनीच्या हाती लागू देऊ नका, वाचून फाडून टाका.

चष्म्याच्या पैशांची भाजी खाल्लीत ना तुम्ही? मला सगळं कळलं. वहिनीचं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले आणि मग ह्यांच्यासमोर रडले. तुम्हाला वाचल्याशिवाय दिवस जात नाही आणि तुम्ही दोरा बांधून बसलात?

आणि तुम्हाला असं का वाटतं, की तुम्ही आल्यामुळे वहिनीचं नुकसान झालं आणि ते तुम्ही भरून द्यायचं? हे वहिनीला कळलं ना, तर ती घर डोक्यावर घेईल. मी आधीच सांगून ठेवते, तेव्हा मी तुमच्या बाजूने बोलणार नाही.

तुमची
सिंधू


पिपलानी
१५ नोव्हेंबर १९८१

सिंधू,

तुला माहीत होतं, नानांनीच सांगितलं! घरभेदी आहेस. नागपुरात बसून हसत होतीस माझ्यावर!

सगळं फुटलं. गेल्या सोमवारी मनोरमाबाईंनी मुन्ने मियाँचा ठेला अडवला. भर रस्त्यात भांडायला लागल्या, "यांना दीड आणि आम्हाला अडीच, हा काय न्याय?" चार फाटकं उघडली. आणि तो बावळट माणूस घाबरून म्हणाला, "बाईजी, इनके तो बाबूजी टंकी पे पैले ही दे जाते हैं. आप भी अपने बाबूजी को भेज दो!"

सिंधू, मी पिशवी तिथेच टाकून घरात आले. बारा वर्षांची अब्रू गेली गं टोमॅटोंच्या भावाने. नानांवर चिडले, मुन्ने मियाँवर चिडले, तुझ्यावर तर सगळ्यांत जास्त. आता नानांना चांगलं ऐकवायचं, म्हणून तणतणत मागच्या खोलीत गेले.

ते खिडकीशी बसून पेपर वाचत होते. एका हाताने पेपर धरलेला, दुसऱ्या हाताने चष्मा. दोरा तुटला होता. मला बघून म्हणाले, "काय सूनबाई, आज काय भाव मिळाला?"

"दीड," म्हटलं, आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

मग मी ठरवलं, आपण भावच करायचा नाही, म्हणजे त्यांना काही भरायला नको. दुसऱ्या दिवशी मुन्ने मियाँने अडीच म्हटलं, मी अडीच दिले. तिसऱ्या दिवशी दिले. चौथ्या दिवशी तोच काकुळतीला आला, "बाईजी, तबीयत तो ठीक है?" आणि घरात नाना! माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागले. ह्यांना म्हणाले, "अरविंदा, सूनबाईला दवाखान्यात ने. चार दिवस झाले, ती भाजीवाल्याशी भांडलेली नाही."

तेव्हा मला हसू फुटलं आणि मग सगळंच बोलून टाकलं. म्हटलं, "नाना, टाकीपाशी काय चालतं ते मला कळलंय." ते इतके ओशाळले, की माझंच मन कळवळलं. म्हणाले, "माझ्यामुळे तुझं ते घर सुटलं. तुझी गंमत गेली. मी दुसरं काय करू शकत होतो?"

मी म्हटलं, "घरच्या माणसाने घरात राहायचं भाडं द्यायचं नसतं, नाना. टोमॅटो अडीच होऊ देत नाही तर पाच. तुम्ही मला या घरात हवे आहात." असं तोंडावर बोलायची सवय नाही मला. त्यांनी चष्मा काढून पुसला. दोघंही मग बराच वेळ पेरूकडे बघत बसलो, त्याला एकही पेरू नव्हता.

त्याच संध्याकाळी त्यांना न्यू मार्केटात नेलं चष्म्याला. दुकानात पाटी, 'एक दाम'. नानांचा चेहरा असा खुलला, जणू माहेरच आलं. माझ्याकडे बघायला लागले, मी काय करते ते. मी त्यांच्यासाठी ओठ घट्ट मिटून पूर्ण पैसे दिले. फक्त निघताना म्हटलं, "भैया, डबी?" डबी फुकट मिळाली. आणि पुसायचं फडकंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मुन्ने मियाँ नानांचे उरलेले सात रुपये परत द्यायला आला. मी पदर खोचून बाहेर गेले. पाऊण तास झुंज चालली. शेवटी दोन रुपयांवर सौदा ठरला. दीड नाही, दोन. पण हे माझे आहेत, स्वतःचे. आणि मनोरमाबाई पण माझ्यामागे पिशवी घेऊन उभ्या होत्या.

लग्नाला आम्ही चौघं येतोय. चांदीचं भांडं घेऊ नकोस, मी इथून आणते. तुला तिथे फसवतील.

मालती वहिनी


नागपूर
१२ जानेवारी १९८२

वहिनी,

लग्न तुझ्यामुळे पार पडलं. मांडववाला अजून तुझी आठवण काढतो, कानाला हात लावून.

एक आनंदाची बातमी. सुभाषची चंद्रपूरला बदली झाली, बायकोला घेऊन परवा गेला. पडवीची खोली मोकळी झाली. आता तिला तट्ट्या नाहीत, चांगल्या विटा आहेत. या वेळी आढेवेढे घेत नाही, तू शिकवलंस तसं चार शब्दांत लिहिते. नानांना परत पाठवून दे.

तुम्ही खूप केलंत. आता माझी पाळी. फार तर उन्हाळ्याच्या सुट्टीत चार महिने तुमच्याकडे राहू देत, आठ महिने माझ्याकडे. घर त्यांच्याशिवाय मोकळं मोकळं वाटतं गं. पडवीत गेलं की चुकल्यासारखं होतं.

सिंधू


पिपलानी
१९ जानेवारी १९८२

वन्सं,

आठ महिने? काय भाव लावलात! दुकान नवं आहे का तुमचं?

माल आधी पडवीत भिजत ठेवलात, तेव्हा किंमत कळली नाही. आम्ही घेऊन आलो, कोरडा केला, चष्मा घातला, दोन किलो वजन वाढवलं. आता म्हणता परत द्या? आणि शाळांना चार महिने सुट्टी कुठे असते गं?

माझं शेवटचं सांगते. आठ दिवस. दसऱ्याला, जाऊन-येऊन.

पटत नसेल तर राहू दे. मी पाठ फिरवून चालायला लागलेय, एक, दोन...

मालती वहिनी

(नानांना पत्र वाचायला दिलंय. खालची जागा त्यांची.)


चि. सिंधू,

नव्या चष्म्याने तुमची दोघींची पत्रं वाचली. स्पष्ट दिसतं.

तू आठ महिने म्हणतेस, ही आठ दिवस म्हणते. असंच चालू दिलं, तर तुम्ही तीन महिन्यांवर तोड काढाल, हे आता मला अनुभवाने कळतं. म्हणून मीच मध्ये पडतो. मी भांडारातला माणूस, माझा एकच भाव. मी इथेच राहीन. आंब्याच्या दिवसांत महिनाभर तुझ्याकडे येईन, रस खाईन, पडवीतच झोपेन. यात कमी-जास्त होणार नाही. सूनबाई आत्ता माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि "पंधरा दिवस म्हणा, पंधरा दिवस" म्हणून ओरडते आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

रागावू नकोस, पोरी. तीस वर्षं मी कापड विकलं, पण ही गोष्ट चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळली. एका मालासाठी दोन गिऱ्हाइकं अशी हमरीतुमरीवर आली, की पडून राहिलेल्या कापडाच्या ठाणालासुद्धा आपण किती मोलाचे ते समजतं. फार बरं वाटलं गं.

ट्रंक काल रिकामी केली. रजनी तिच्यात बाहुल्या ठेवते.

तुझे
नाना